जामहून आलेलं पाकीट

मधुकरराव उमाट्यांनी एवढंच ठरवलं होतं की, पाहुणी यायच्या आत पाकिटं जरा निवडून ठेवावीत. यात वाईट काही नव्हतं. माणसं भाजी निवडतात, तांदूळ निवडतात. पाकिटं निवडली तर कोणाचं काय बिघडणार होतं? (काय बिघडलं ते पुढं येईलच.)

मधुकरराव पोस्टातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं नोकरी, त्यातली पहिली अकरा वर्षं एकाच गावच्या लहानशा पोस्टात. त्या गावाचं नाव इथं सांगत नाही, कारण तिथली जुनी माणसं अजून हयात आहेत आणि त्यांना मधुकरराव चांगले आठवतात. एवढं मात्र सांगून ठेवायला हवं की, त्याच नावाचं दुसरं एक गाव मराठवाड्यातही आहे.

निवृत्तीनंतर तळेगावात, म्हणजे आपल्या श्यामजी पंताच्या तळेगावात, ते आणि सुमित्राबाई दोघंच राहत होते. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला आणि मधुकरराव या खोलीतून त्या खोलीत. सकाळी आठपर्यंत पेपर वाचून झाला की दिवसाचे उरलेले तास त्यांच्या अंगावर चालून येत. मग ते पंख्याची पाती पुसत, खिडकीच्या कडीला तेल घालत, नळाचा वायसर बदलत. (बदलल्यावर नळ गळायला लागे. मग तो पुन्हा बदलत.)

"एका जागी बसाले काय होते तुमाले?" सुमित्राबाई म्हणत. "बुडाले काटे हायेत का?"

अशातच पेपरात बातमी आली. वर्ध्याला जिल्ह्याच्या जुन्या टपालाचं प्रदर्शन भरणार होतं. इला दाणी नावाच्या बाई, पूर्वी कॉलेजात इतिहास शिकवायच्या आणि आता तिकिटं-पाकिटं जमवतात, त्यांनी आवाहन केलं होतं की घराघरांत पडून असलेला जुना पत्रव्यवहार दाखवा. खाली फोन नंबर होता. मधुकररावांनी चहा संपायच्या आत तो लावला.

"मी स्वतः पोस्टातला माणूस आहे, मॅडम. पस्तीस वर्षं. पाकीट कसं असतं ते तुम्ही मला सांगायची गरज नाही."

"फारच छान," इलाताई म्हणाल्या. "काय आहे तुमच्याकडे?"

"पेटीभर आहे. आमच्या मिसेसनी सगळी पत्रं जपून ठेवलीत. त्यातली उत्तम उत्तम मी निवडून ठेवतो."

"नको, नको. काहीच निवडू नका. जशी आहेत तशीच ठेवा, मी गुरुवारी येऊन पाहते."

मधुकररावांनी फोन ठेवला आणि सुमित्राबाईंना म्हणाले, "बाई लय सभ्य हाय. मले त्रास नाई द्याचा म्हणून राह्यली."

सुमित्राबाई पिशवी भरत होत्या. त्यांना दुसऱ्या दिवशी आष्टीला जायचं होतं. भाचीचं, रुचिकाचं, साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) होतं. निघताना मात्र त्यांनी उंबऱ्यात थांबून सांगितलं, "पेटी माझी हाय. मी बेस्तरवारी सकाळी येतोच. मी आल्यावर त्या बाईले दाखवू. तोवर हात नका लावजा."

मधुकररावांनी मान हलवली. ती मान बुधवारी सकाळी साडेनऊपर्यंत हललेली राहिली. तोवर पेपर वाचून झाला होता, नळ गळत नव्हता आणि खिडकीची कडी न बोलता फिरत होती. करायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी पेटी पलंगाखालून ओढली.

आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि त्याखाली पत्रंच पत्रं. सुमित्राबाईंच्या आईची, बहिणीची, भावाची. मधुकररावांनी लग्न ठरल्यावर लिहिलेली दोन (दोन्हीत पावसाची आणि तब्येतीची चौकशी). सुमित्राबाईंनी माहेराहून, जामहून, त्यांना लिहिलेली. प्रत्येक पत्र आपापल्या पाकिटात. मधुकररावांनी आधी सगळी पत्रं पाकिटांतून काढली, रबर लावून एका बाजूला नीट ठेवली, म्हणजे घरच्या गोष्टी घरात राहतील. मग पाकिटांकडे वळले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांना पुन्हा पोस्टाच्या खिडकीत बसल्यासारखं वाटलं.

पोस्टात असताना मधुकररावांना एका गोष्टीचा अभिमान होता, तो म्हणजे शिक्का. मिनिटाला शंभर टपाल ते ठोकत, आणि एकही शिक्का तिरपा नाही, पुसट नाही. आलेल्या टपालावर तर पाठीमागे, झाकणाच्या टोकाखाली बरोब्बर मधोमध. दुसरे लोक कुठंही ठोकत. मधुकररावांचा शिक्का पाहिला की वाटावं, पाकीट त्या शिक्क्यासाठीच शिवलं आहे.

तोच कस त्यांनी लावला. पाकीट स्वच्छ हवं, पत्ता एकटाकी हवा, शिक्का पुढं-मागं एकेकच आणि वाचता येईल असा हवा. असं पाकीट डाव्या बाजूला. ज्याच्यावर डाग, ज्याच्यावर लाल शाईनं काही खरडलेलं, पत्ता खोडून दुसरा लिहिलेला, 'घर बंद' असा शेरा मारलेला, चार-चार ठिकाणचे शिक्के बसलेले, ते उजव्या बाजूला. दुपारपर्यंत डावीकडे चाळीस झाली आणि उजवीकडे पन्नासच्या वर. एवढ्या जणांनी आपल्या घरी टपाल पाठवताना हलगर्जीपणा केला होता, याचं मधुकररावांना वाईट वाटलं.

उजवीकडच्या ढिगात एक पाकीट त्यांनी टाकलं, परत उचललं, आणि परत टाकलं. ते जामचं होतं. सुमित्राबाईंच्या अक्षरातलं. चौऱ्याऐंशी सालातलं. त्या वेळी त्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. दिवाळीआधी येऊन आम्हाला घेऊन जा, असं त्यांनी लिहिलं, आणि ते पत्र वाट चुकून मराठवाड्यातल्या त्या दुसऱ्या गावाला गेलं. मधुकररावांच्या हाती पडलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. सुमित्राबाई बाळाला घेऊन दारात वाट पाहत बसल्या, आणि शेवटी त्यांच्या भावानं त्यांना आणून सोडलं. तेव्हापासून दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर हा विषय वाढला जाई.

"पत्र नाई भेटलं की यावंसं नाई वाटलं?" सुमित्राबाई विचारत.

"खात्याची चूक हाय. वाटेतच चुकलं ते. शिक्का पाह्य ना मराठवाड्याचा," मधुकरराव चाळीस वर्षं सांगत होते.

तर असं ते पाकीट. तीन-चार शिक्के, त्यावर लाल शेरा. निवडीच्या नियमानं ते उजवीकडेच जात होतं. शिवाय घरातून एक विषय कायमचा जात होता. मधुकररावांना नियम आणि सोय इतकी एका जागी कधी भेटली नव्हती.

त्याच वेळी दारात तानबा आला. तानबाची तळेगावच्या बसस्टँडवर फुटाण्यांची गाडी. आठवड्यातून एकदा तो घरोघरी रद्दी मागायला येई.

"कागद हाय का, पोष्टबाबू? मोठे असन तं बरं, पुड्या बांधाले जमते."

मधुकररावांनी उजवीकडचा ढीग त्याच्यापुढं धरला. तानबानं एक पाकीट उघडून आत फुंकर मारली. पाकीट टम्म फुगलं.

"हे तं तयार पुड्याच हायेत," तो म्हणाला. "बांधाचंही काम नाई. तुमचं भलं होवो."

तानबा गेला आणि मधुकरराव डावीकडच्या चाळिसांना सजवायला लागले. उघडताना फाटलेली कड कात्रीनं सरळ कापली. सुरकुत्यांवर इस्त्री फिरवली. पेन्सिलच्या खुणा खोडरबरानं घालवल्या. मग नातवाची एक कोरी ड्रॉइंगची वही सापडली, तीत एका पानावर दोन, असं एकेक पाकीट डिंकानं पक्कं चिकटवलं. संध्याकाळी वहीवर पाटा ठेवून दाबून ठेवली. त्या दिवशी त्यांना झोपही चांगली लागली.

गुरुवारी सकाळी दहाला इलाताई आल्या. साठीच्या, बारीक बांध्याच्या, पर्समध्ये भिंग आणि चिमटा बाळगणाऱ्या. मधुकररावांनी त्यांना कोचावर बसवलं आणि वही अशी पुढं केली, जशी वरमाय पैठणी पुढं करते.

इलाताईंनी पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग पाकिटाची कड बोटानं उचलून पाहण्याचा प्रयत्न केला.

"हे चिकटवलंय?"

"पक्कं," मधुकरराव म्हणाले. "प्रदर्शनात हललं नाही पाहिजे."

"आणि या कडा?"

"फाटक्या होत्या. सरळ केल्या."

इलाताई भिंगातून पाहत राहिल्या. कुठं अर्धा शिक्का कात्रीबरोबर गेला होता, कुठं इस्त्रीनं तिकिटाचा रंग उडाला होता. बाई सभ्य खऱ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "मेहनत घेतलीत."

"आता शिक्के बघा, मॅडम. ही काही मी पाठ वर करून चिकटवलीत, ती बघा. हा माझा. हाही माझा. मधोमध. कुठंही ओळखू येतो. त्या पोस्टात माझ्याशिवाय शिक्क्याला कोणी हात लावत नसे, मी लावूच देत नसे."

"खरंच सुरेख आहे," इलाताई म्हणाल्या. आणि मग वही मिटून, मास्तरीणबाई नापास मुलाच्या बापाशी बोलतात तशा हळू आवाजात म्हणाल्या, "उमाटेसाहेब, त्याचं असं आहे. आम्हा लोकांना पाकीट स्वच्छ आहे का, हे नको असतं. ते कुठून कुठं गेलं, काय काय भोगलं, ते दिसायला हवं असतं. आणि पाकीट अख्खं हवं, कापलेलं नको. ही सगळी पाकिटं सरळ निघाली आणि वेळेवर पोचली."

"हो ना," मधुकरराव अभिमानानं म्हणाले.

"हो ना," इलाताई म्हणाल्या. "तेच."



"पत्ता बदललेली, परत आलेली, चुकलेली, दोन-चार गावचे शिक्के बसलेली अशी काही नव्हती का? मळकी असली तरी चालतील. मळकीच चालतील. एखादं जरी असतं तरी मी तेवढ्यासाठी वर्ध्याहून आले असते."

मधुकररावांना उजवीकडचा ढीग आठवला. पन्नासच्या वर होती. एकूण एक.

"आहेत," ते म्हणाले. "म्हणजे असतील. तुम्ही बसा. मी दूध घेऊन येतो."

"मी चहा घेत नाही."

"दूध लागतंच," मधुकरराव म्हणाले आणि चपला उलट्या पायांत घालून निघाले.

घरापासून स्टँड दहा मिनिटांवर. मधुकरराव सहा मिनिटांत पोचले. तानबाची गाडी नेहमीच्या जागी होती, तव्यावर फुटाणे उडत होते, आणि गाडीच्या दांडीला दोरीनं बांधून पाकिटांचा गठ्ठा लटकत होता. तो बराच बारीक झाला होता.

"दे ते," मधुकरराव धापा टाकत म्हणाले.

"काऊन? काल तं तुम्हीच देल्ले."

"चुकून देल्ले. किती गेले?"

"आता मी का मोजून राह्यलो? सकाळपासून गिऱ्हाईक लागलं. लोक म्हणते, तानबा, पुडी मस्त हाय, खिशात ठेवता येते." तानबानं चिमटा अमरावतीच्या गाडीकडं रोखला. "थ्या गाडीत बसले बरेच जण."

गाडी सुरू होऊन घरघरत उभी होती. कंडक्टर खाली चहा पीत होता. मधुकररावांनी उरलेला गठ्ठा काखेत मारला आणि ते गाडीत चढले.

पहिल्याच बाकावर एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून एकेक फुटाणा चघळत होते. हातात पाकीट. पाकिटावर 'घर बंद' असा शेरा.

"बाबाजी, ते पाकीट द्या."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "फुटाणे माझे हायेत."

"फुटाणे ठेवा. पाकीट द्या. मी पोस्टातला आहे."

"पोस्टातले," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "छप्पन साल झाले माझ्या भावानं मनिऑर्डर केलती, ते नाई आली. तिचं काय झालं?"

मधुकररावांनी स्वतःची टोपी काढून त्याच्या मांडीवर उलटी ठेवली, फुटाणे तीत ओतले आणि पाकीट घेतलं. पुढच्या बाईनं पदर पसरला. तिच्या पुढच्यानं मात्र आधी विचारलं की पाकिटात विष होतं का, आणि ते ऐकून बाकीचे सगळे जण थुंकायला लागले. कोणाच्या ओंजळीत, कोणाच्या रुमालात फुटाणे ओतत, आणि ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्याचे स्वतःच्या शर्टाच्या खिशात घेत घेत (हा आपले का घेतो, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही) मधुकरराव मागच्या बाकापर्यंत गेले. कंडक्टर वर चढला तेव्हा गाडीभर फुटाणे सांडले होते आणि एक टोपी नसलेला गृहस्थ लोकांच्या हातांतून कागद ओढत होता.

"तिकीट?" कंडक्टरनं विचारलं.

"हेच तं गोळा करून राह्यलो," मधुकरराव म्हणाले, आणि खाली उतरले.

तीन जणांनी पाकिटं दिली नाहीत. ती तिन्ही अमरावतीला गेली. बाकीची मिळाली. मधुकररावांनी स्टँडच्या पायरीवर बसून दोनदा पाहिलं. जामचं पाकीट त्यांत नव्हतं. अमरावतीला गेलेल्या तिघांत ते असणार. त्यांना थोडं हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल थोडं ओशाळवाणंही.

घरी पोचले तर दारात सुमित्राबाईंच्या चपला. आष्टीची पहिली गाडी नेमकी वेळेवर आली होती, आणि सुमित्राबाई दुसऱ्या, शाळेकडच्या रस्त्यानं घरी पोचल्या होत्या.

आत कोचावर इलाताई बसल्या होत्या, समोर सुमित्राबाई. मधल्या टीपॉयवर एका ताटलीत फुटाणे होते आणि ताटलीशेजारी एक पाकीट. रिकामं. मधुकररावांनी ते दारातूनच ओळखलं.

"या," सुमित्राबाई म्हणाल्या. "दूध भेटलं?"

मधुकररावांच्या काखेत पाकिटं होती, खिशातून फुटाणे डोकावत होते आणि डोक्यावर टोपी नव्हती. दूध कुठंच नव्हतं.

"स्टँडवर उतरलो," सुमित्राबाई शांतपणे सांगू लागल्या, नवऱ्याला नव्हे, इलाताईंना. "म्हटलं, पाहुणी येनार, फुटाणे घेऊन जाऊ. तानबानं पुडी देल्ली. पुडीवर पाहतो तं माझंच अक्षर. मले वाटलं, आपल्याले चक्कर येऊन राह्यली." मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "माझ्या मायच्या पत्राची पाकिटं फुटाण्याले देल्ली?"

"पत्रं ठेवली आहेत," मधुकरराव म्हणाले. "रबर लावून."

सुमित्राबाईंनी फुटाण्यांची ताटली पाहुणीकडं सरकवली. पाहुणीसमोर त्या रागावत नसत. पाहुणी गेल्यावर काय होणार याचा अंदाज घेत मधुकररावांनी काखेतली पाकिटं टीपॉयवर ठेवली. पण इलाताईंचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतंच. त्यांनी भिंग काढलं होतं आणि त्या जामच्या पाकिटावर वाकल्या होत्या.

"सुमित्राबाई, हे फार छान आहे," त्या म्हणाल्या. "हे मला कुठं मिळालं असतं?"

"त्याच्यात काय छान," सुमित्राबाई म्हणाल्या. "ते चुकलेलं हाय. हे म्हणते खात्यानं चुकवलं. सरळ मराठवाड्यात गेलं."

"सरळ नाही गेलं." इलाताईंनी पाकीट उलटं केलं. "हे बघा. समोर तिकिटावर जामचा शिक्का, अकरा ऑक्टोबर. पाठीमागं मराठवाड्याचा, एकोणीस. आणि हा परत आल्याचा, सत्तावीस. पण या दोन्हींच्या आधी इथं अजून एक आहे. तुमच्या तेव्हाच्या गावच्या पोस्टाचा. तेरा ऑक्टोबर, सकाळचं टपाल."

मधुकरराव पुढं झाले. चाळीस वर्षांत त्यांनी त्या पाकिटावर मराठवाड्याचा शिक्का तेवढा पाहिला होता. तो सापडल्यावर दुसरं काही पाहायची त्यांना गरजच वाटली नव्हती.

"म्हणजे काय झालं?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"म्हणजे पत्र दोन दिवसांत बरोबर पोचलं होतं. दिवाळीच्या कितीतरी आधी. पोस्टात कुणीतरी त्याच्यावर आल्याचा शिक्का मारला आणि वाटायच्या टपालात टाकायचं ते जाणाऱ्या थैलीत टाकलं. पुढच्या माणसानं पाहिलं, याच गावातून निघालेलं पत्र याच गावाला कसं असेल? मग नक्की मराठवाड्यातलं गाव असणार. त्याची काही चूक नाही." इलाताई रंगात आल्या होत्या. कॉलेजात त्या अशाच शिकवत असणार. "पत्ता तर किती स्वच्छ आहे. नाव मोठ्या अक्षरात. शिक्का मारणाऱ्यानं नुसतं नाव जरी वाचलं असतं…"

आणि त्या थांबल्या. कारण नाव त्यांनीही आत्ताच वाचलं होतं. श्री. मधुकर उमाटे, पोस्ट ऑफिस.

तिघांनीही शिक्क्याकडं पाहिलं. झाकणाच्या टोकाखाली. बरोब्बर मधोमध. एकही अक्षर पुसट नाही.

"सुरेख आहे," इलाताई अगदी हळू म्हणाल्या. 

मधुकररावांना बसावंसं वाटलं, पण बसायला जागा सुमित्राबाईंच्या शेजारीच होती. ते उभे राहिले. "दिवाळीची गर्दी होती," ते म्हणाले. "थैलीच्या थैली येत. मिनिटाले शंभर… नाव वाचत बसलो असतो तं…" पुढचं वाक्य कुठं जातं आहे ते दिसल्यावर त्यांनी ते तिथंच सोडलं.

"म्हणजे तुमच्या हातात होतं," सुमित्राबाई म्हणाल्या.

"होतं."

"वाचलं नाई."

"नाई वाचलं."

"तुमचंच नाव होतं त्याच्यावर."

"होतं ना."

सुमित्राबाईंनी एक फुटाणा उचलला, सोलला आणि बराच वेळ चावला. खिडकीबाहेर कोणाची तरी सायकल गेली. मधुकररावांच्या खिशातून दोन फुटाणे खाली पडून पलंगाकडं घरंगळले, तरी कोणी तिकडं पाहिलं नाही.

"मले काय वाटे सांगू का, ताई," सुमित्राबाई इलाताईंना म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता वेगळा होता. "मुलगी झालती मले. सासूबाईले नातू पाह्यजे होता. मले चाळीस वर्षं वाटे की यायनं पत्र वाचलं, खिशात ठेवून देल्लं, अन् मंग खात्याचं नाव सांगतलं. मी दर दिवाळीले विचारो ते त्याच्यासाठीच विचारो. मराठवाड्यात गेलं यावर माझा कधी भरवसा नाई बसला. आज समजलं, वाचलंच नवतं."

"नाई वाचलं, सुमित्रा," मधुकरराव म्हणाले. चौऱ्याऐंशीनंतर प्रथमच त्यांना हे वाक्य घाई न करता म्हणता आलं. "वाचलं असतं तं त्याच दिवशी निघालो असतो. मुलीसाठी चांदीचे वाळे घेऊन ठेवलते मी."

"ते माहीत हाय. दोन्ही एकाच पायाचे होते." सुमित्राबाईंनी पदरानं नाक पुसलं, आणि मग त्यांना हसू आलं. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत. "मुद्दाम नाई केलं. येडेपणानं केलं. एवढंच समजाले चाळीस वर्षं लागले पाह्य मले."

मधुकररावांची निर्दोष सुटका झाली होती, आणि ज्या पुराव्यावर ती झाली त्यानं त्यांची पस्तीस वर्षांची नोकरी धुऊन नेली होती. आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे न कळून ते नळाकडं जाऊन आले.

इलाताईंनी बाकीची पाकिटं पाहिली. पत्ता बदललेली सात, परत आलेली चार, आणि वाट चुकलेली तब्बल अकरा. त्या अकराही पाकिटांच्या पाठीवर कुठं ना कुठं एक सुरेख, मधोमध शिक्का होता.  इलाताईंनी फक्त ती अकरा वेगळी ठेवली आणि त्यांचा एक स्वतंत्र फलक होईल, असं वहीत लिहून घेतलं. सुमित्राबाईंनी पत्रं आपल्याकडं ठेवली आणि पाकिटं प्रदर्शनापुरती न्यायला परवानगी दिली.

"एक करा," इलाताई निघताना म्हणाल्या. "परवानगीचं चार ओळींचं पत्र मला पोस्टानं पाठवा. फोनवर नको. पाकिटांशेजारी आजचंही एक टपाल लावता येईल."

पत्र सुमित्राबाईंनी लिहिलं. पाकिटावरचा पत्ता मधुकररावांनी मागून घेतला. निदान एवढं काम तरी आपल्या हातचं आहे, असं ते म्हणाले. चष्मा पुसून, पट्टी धरून, एकेक अक्षर मोत्यासारखं लिहिलं. तिकीट काटकोनात लावलं. स्वतः चालत पोस्टात गेले, आणि खिडकीतल्या मुलीला शिक्का कसा धरावा ते दाखवून आले.

चौथ्या दिवशी दुपारी पोस्टमन प्रेमदास दारात सायकल लावून हसत उभा राहिला.

"काकाजी, तुमचं पत्र हाय."

मधुकररावांनी पाकीट हातात घेतलं. मोत्यासारखं अक्षर. मधोमध, पट्टी धरून, मोठ्या अक्षरात त्यांचं स्वतःचं नाव आणि तळेगावचा पत्ता होता. खाली डाव्या कोपऱ्यात, 'प्रेषक' या शब्दापुढं, इला दाणी, वर्धा.

सुमित्राबाईंनी ते पाकीट त्यांच्या हातातून घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि न उघडता फोन लावला.

"इलाताई, आणखी एक सापडलं तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "एकदम ताजं हाय."